नेमाचे घर : प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनाथ बालकांच्या संगोपनाचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्याला आरंभ १८६३ सालापासून करावा लागेल. त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पुढे बारा वर्षांनी, १८७५ साली, प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी पंढरपुरास त्याच हेतूने आश्रम काढला. आणि १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला गेला. ह्या तिन्ही प्रयत्नांच्या मुळाशी वैधव्याचे दुःख होते. पहिल्या दोहोंत जे मूल येई त्याचा जन्मच समाजाला नको असे आणि म्हणून त्याच्या जन्मदात्रीला तोंड लपवून उंबरठा ओलांडावा लागे. प्रस्तुत पुस्तकाचा विषय झालेली घरे त्याच परंपरेतली खरी. पण त्यांच्या दाराशी येणारे मूल निराळे आहे. ते लग्नसंबंधातून झालेले, क्वचित नवसासायासाने झालेले, रीतसर बारसे होऊन आत्याने नाव ठेवलेले, आजोळच्यांनी वाळे-तोडे घालून मिरवलेले मूल असते. ते एके काळी साऱ्यांना हवे होते आणि मग आई-बापांच्या पाठोपाठच्या मृत्यूने व रक्ततपासणीच्या एका कागदाने ते नकोसे करून टाकले, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून एचआयव्हीबाधित अनाथ मुलांच्या घराचे स्वरूप नीट आकळणार नाही. पंढरपुरातील त्या जुन्या आश्रमानंतर सव्वाशे वर्षांनी, २००१ साली, मंगलताई शहा यांनी त्याच क्षेत्री ‘पालवी’ हे असे घर सुरू केले, हा योगायोग इतिहासकाराने सहज ओलांडून जावा असा नाही.

रोगाचा इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. १९८६ साली मद्रासेत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून ह्या विषाणूचे अस्तित्व आपल्या देशात प्रथम उघडकीस आले, आणि १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन केली. महाराष्ट्र आरंभापासूनच अधिक प्रादुर्भावाच्या प्रांतांत गणला गेला. मुंबईस एकटे राहून पोट भरणारे कामगार, आठवडे न् आठवडे हमरस्त्यावर काढणारे मालमोटारींचे चालक, हंगामापुरते गाव सोडणारे मजूर, अशा रोजगारापायी घरापासून दूर राहणाऱ्या पुरुषांकरवी तो गावोगावच्या अशा संसारांत शिरला, की ज्यांनी ह्या रोगाचे नावही ऐकलेले नव्हते. पुढचा क्रम इतका ठरलेला असे की अशा घरांतील कोणत्याही दहा मुलांची कैफियत ऐकली तर अकराव्याची न सांगता कळावी. आधी बाप अंथरुणाला खिळे. त्याच्या औषधपाण्यात आईचे दागिने आणि विहिरीवरचा एखादा तुकडा जाई. तो गेल्यावर, किंवा त्याच्या आजारपणातच, आईच्या रक्ताची तपासणी होई. सासरच्यांनी ‘हिनेच आमचा मुलगा खाल्ला’ म्हणून तिला माहेरी लावून दिले की दोन-चार वर्षांत तीही जाई. आणि मूल आजीच्या पदरी राही. ह्या साऱ्या प्रकरणात आजी हे पात्र फार मोठे आहे. साठी उलटलेल्या, स्वतः रोजंदारीवर जाणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या ह्या बायांनी गोळ्यांचे रंग ध्यानात ठेवून नातवंडे जगवली. आणि पुष्कळदा मूल संस्थेत येते ते आई-बाप गेल्यावर नव्हे, तर आजी गेल्यावर.

येथे एका गोष्टीचा खुलासा अवश्य केला पाहिजे, कारण तिच्याविषयी शिकल्या-सवरलेल्यांतही अज्ञान फार. बाधित आईचे प्रत्येक मूल बाधित असतेच असे नाही. काहीच उपचार न झाल्यास गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी अथवा अंगावरच्या दुधातून विषाणू बाळाकडे जाण्याचे प्रमाण शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असते. आईला वेळेवर औषधे मिळाली तर ते पाचाच्याही खाली येते. शिवाय आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. त्यामुळे त्या वयापूर्वी केलेली साधी तपासणी ‘सदोष’ आली तरी मूल निर्दोष असू शकते, आणि निश्चित निदानासाठी खुद्द विषाणूचा शोध घेणारी निराळी चाचणी करावी लागते. ही चाचणी जेव्हा सहजासहजी उपलब्ध नव्हती, त्या काळात कित्येक तान्ही मुले ह्या दीड वर्षाच्या संशयात, घरच्यांनी आधीच टाकून दिलेली, अशा घरांतून वाढली. एकाच आईची दोन लेकरे, एक बाधित आणि एक निरोगी, असे असता निरोग्याला काकाने ठेवून घ्यावे आणि दुसऱ्याला संस्थेत धाडावे, हेही वारंवार घडले. बहीण-भावांची अशी वाटणी होऊ देऊ नये, प्रसंगी निरोगी भावंडासही सोबत ठेवून घ्यावे, असे पुस्तकाच्या लेखकांनी आग्रहाने म्हटले आहे आणि मी त्यांच्याशी सर्वस्वी सहमत आहे.

आरंभीच्या काळात ही घरे निघाली ती मुलांना वाढवण्यासाठी निघाली होती, असे म्हणणे धाडसाचे होईल. १९९७ साली पुण्यात विजयाताई लवाटे यांनी ‘मानव्य’ची स्थापना केली. अहमदनगरचे ‘स्नेहालय’ डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी त्याआधीच, १९८९ साली, देहविक्रयात अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांकरिता सुरू केले होते आणि त्याला ह्या रोगाकडे वळणे पुढे अपरिहार्यच झाले. त्या दिवसांत ह्या मुलांसाठी करता येण्यासारखे होते ते इतकेच, की क्षय, जुलाब, तोंडातली पांढरी बुरशी, अंगावरची नागीण यांवर उपचार करावेत, पोटभर अन्न द्यावे आणि शेवटच्या दिवसांत कोणीतरी उशाशी बसलेले असावे. स्मशानात मुलाला खांदा देण्यास संस्थेच्या चार माणसांखेरीज कोणी येत नसे. औषधे जगात होती, पण त्यांची वार्षिक किंमत एका रोग्यामागे दहा हजार डॉलरांहून अधिक होती. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचे मिश्रण वर्षाला साडेतीनशे डॉलरांत देऊ केले आणि साऱ्या जगाचा बाजार हलला. तरीही आपल्या सरकारी इस्पितळांतून मोफत औषध मिळू लागण्यास १ एप्रिल २००४ उजाडावे लागले, आणि मुलांसाठी स्वतंत्र मात्रांची योजना तर २००६ च्या अखेरीस आली. ज्या नगरीतील कंपनीने ते स्वस्त औषध तयार केले, तिच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या मुलांपर्यंत ते पोहोचण्यास इतका अवधी लागावा, याचा जाब कोणाला विचारावा हे मला कधी उमगले नाही.

औषध आले आणि घराचा धर्म पालटला. जी मुले वर्षभरात जातील असे धरून चालले होते ती शाळेत जाऊ लागली, त्यांचे दात पडून नवे आले, गणवेश आखूड झाले, आणि चालकांच्या लक्षात आले की आता पंधरा-वीस वर्षांचा संसार मांडावयाचा आहे. माझ्या मते ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे. मरणाऱ्या मुलाला करुणा पुरते. जगणाऱ्याला हजेरीपट लागतो. करुणेने घर उघडता येते हे खरे, पण ते चालते नेमाने, आणि नेम हा गुण करुणेइतका देखणा नसल्यामुळे त्याची कोणी वाखाणणी करीत नाही.

रात्री आठच्या सुमारास अशा कोणत्याही घरात जाऊन पाहावे. जेवणाच्या पंगती उठलेल्या असतात, ओसरीवर एका टेबलाशी मावशी बसलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे प्रत्येक मुलाच्या नावाची, सकाळ-रात्रीचे कप्पे असलेली प्लास्टिकची डबी, पाण्याचा जग आणि आडव्या रेघांची जाड वही असते. मुले वयाच्या क्रमाने येतात. गोळी हातावर, हात तोंडाशी, पाण्याचा घोट. मग ‘आ कर बघू’ म्हणून मावशी गाल आणि जीभ तपासतात आणि वहीत खूण करतात. गोळी गालात दाबून ठेवून नंतर तुळशीच्या कुंडीत पुरणारे महाभाग प्रत्येक घरात असतात. कुंडी उकरताना चाळीसएक गोळ्या सापडल्याची हकीकत लेखकांनी दिली आहे ती वाचकाने विनोद म्हणून वाचू नये. शंभर मात्रांपैकी पंच्याण्णव तरी वेळच्या वेळी पोटात गेल्या पाहिजेत, अशी शिकवण ह्या औषधाच्या बाबतीत वर्षानुवर्षे दिली गेली. त्याहून अधिक खंड पडला तर विषाणू औषधास दाद देईनासा होतो, मग दुसऱ्या फळीची, अधिक महाग व अधिक त्रासाची औषधे सुरू करावी लागतात, आणि त्यांच्यापलीकडे फारसे काही शिल्लक राहत नाही. रात्रीच्या जुन्या गोळीने मुलांना चक्कर येई आणि भलभलती स्वप्ने पडत. दुसरी एक पातळ औषधी इतकी कडू आणि उग्र असे की ती पाजण्यास दोन माणसे लागत, शिवाय ती थंड जागी ठेवावी लागे, आणि मराठवाड्यात बारा-बारा तासांचे भारनियमन असताना ती थंड कशी ठेवावयाची, हा प्रश्न दिल्लीच्या परिपत्रकात कोठेही आलेला नव्हता. आता औषधे पुष्कळ सुधारली आहेत. पण मुलाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून महिन्याच्या महिन्याला काट्यावर उभे राहणे आजही चुकत नाही. दीड किलो वाढले की पोरे दंडाच्या बेटकुळ्या दाखवीत फिरतात, आणि अर्धा किलो घटले की वहीवर वाकलेल्या मावशींच्या मनात पहिली शंका क्षयाची येते.

नेमाचा दुसरा भाग बोलण्याचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. मूल सहा-सात वर्षांचे झाले की विचारते, मी रोज गोळी का घेतो? शाळेतली इतर मुले घेत नाहीत. त्या वेळी रक्तातल्या शिपायांची गोष्ट सांगून भागते: तुझ्या अंगातले शिपाई थोडे अशक्त आहेत, गोळी त्यांना बळ देते. पण बारा-तेराव्या वर्षी ही गोष्ट पुरत नाही, आणि तोवर खरे सांगितले नसेल तर ते त्याला शाळेतल्या पाठ्यपुस्तकात, नाहीतर एस.टी.च्या थांब्यावरील भित्तिपत्रकावर वाचावयास मिळते. एका मुलीने विज्ञानाच्या पुस्तकातला तो परिच्छेद वाचला, रात्री जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशी समुपदेशक ताईंना एवढेच विचारले की, ‘आईला माहीत होतं का?’ लेखकांनी तिला दिलेले उत्तर पुस्तकात आहे, ते मी येथे सांगत नाही. सांगण्याचे काम एका बैठकीत उरकावयाचे नसते, ते मुलाच्या वयाबरोबर थोडे थोडे करीत जावयाचे असते आणि सांगणारे माणूस दुसऱ्या दिवशीही घरात असले पाहिजे, एवढे मात्र येथेच नमूद करतो. कारण बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने दुपारी सांगावे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जावे, ही पद्धत मी पाहिली आहे.

आता दप्तराविषयी. आपल्याकडे सेवाभावी माणसाला कागदपत्रांचा कंटाळा असणे हा जवळजवळ त्याच्या चारित्र्याचा दाखला मानला जातो. पण ह्या मुलांच्या बाबतीत कागद म्हणजे उद्याची भाकर. मूल संस्थेत आणणारे चुलते पुष्कळदा सांगतात की ह्याचे कोणी नाही, काही नाही. थोडी चौकशी केली की बापाच्या नावे दीड एकर कोरडवाहू निघते, सातबाऱ्यावर त्याचे नाव अजून असते, आणि वारसनोंदीचा फेरफार पडलेला नसतो किंवा पडला असल्यास त्यात मुलाचे नाव नसते. म्हणून मूल आले की त्याच्या अंगावरचे कपडे बदलण्याइतकीच तातडी जन्माचा दाखला, आई-बापांचे मृत्यूचे दाखले आणि जमिनीचा उतारा मिळवण्याची करावी. एचआयव्ही व एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. अशा मुलांच्या मिळकतीचे दस्तऐवज सुरक्षित ठेवण्यासाठी, अथवा त्यांना मिळकतीतून बेदखल केले जात असल्यास तक्रार करण्यासाठी, बाल कल्याण समितीकडे जाता येते, अशी तरतूद त्यात आहे. बारा वर्षांवरील समंजस भावंडास धाकट्या भावंडाचा पालक म्हणून शाळाप्रवेश, बँकेतील खाते, उपचार यांबाबत उभे राहता येते, अशीही त्यात सोय आहे. मोठ्या बहिणींनी हे काम कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालवले होते. कायद्याने त्यास उशिरा का होईना मान्यता दिली. किती तलाठी कचेऱ्यांतून ही कलमे माहीत आहेत, याचा शोध उत्साही वाचकाने घेऊन पाहावा.

मूल ठेवून घेण्यासही समितीचा हुकूम लागतो, आणि कोणी दारात सोडून गेलेले मूल चोवीस तासांच्या आत तिच्यासमोर हजर करावे लागते. कोणी भल्या माणसाने ओसरीत दहा मुले गोळा करून आश्रमाची पाटी लावावी, हे आता कायद्याला मंजूर नाही, आणि ते योग्यच आहे. पाटीच्या आड काय चालते हे आपण अनेकदा वर्तमानपत्रांत वाचले आहे.

गावाच्या विरोधाविषयी फार लिहीत नाही, कारण तो विषय सर्वपरिचित आहे. लातूर जिल्ह्यात हासेगावी रवी बापटले यांनी २००७ साली ‘सेवालय’ काढले, त्यानंतर तेथील मुलांसोबत आपली मुले शाळेत बसवण्यास गावकरी राजी नव्हते. अशा हकीकती महाराष्ट्रात जागोजाग घडल्या. कुष्ठरोग्यांसाठी अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोड्यास बाबा आमट्यांनी जागा मागितली, त्या काळापासून गाव आपल्या नकोशा माणसांना शिवेबाहेरची खडकाळ जमीन देत आले आहे, आणि त्या जमिनीवर झाडे उभी राहिली की रविवारी सहकुटुंब पाहावयास येत आले आहे.

देणगीदारांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सौजन्यापायी त्यांच्याविषयी कोणी खरे बोलत नाही. आपल्या लोकांचे दातृत्व मोठे आहे, पण ते वाढदिवसाच्या आसपास फिरते. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला जिलेबी, पितृपक्षात पुरणाचे जेवण, डिसेंबरच्या पहिल्या तारखेस वह्या आणि भाषण. त्यामुळे काही आठवड्यांत मुलांना चार वेळा गोड मिळते आणि मे महिन्यात डाळीचा डबा तळाला जातो. मावशींचा पगार, विजेचे बिल, तालुक्याहून जिल्ह्याच्या औषध केंद्रापर्यंत महिन्याला चाळीस मुले नेण्या-आणण्याचे गाडीभाडे, सेप्टिक टाकीचा उपसा, यांसाठी देणगी मागितली तर दाता किंचित हिरमुसतो. त्याला आपल्या पैशाची वस्तू डोळ्यांना दिसावयास हवी असते. मग तो मुलांना ओळीत बसवून गाणे म्हणावयास लावतो आणि छायाचित्र काढतो. अशा मुलांची ओळख उघड करणे बालन्याय कायद्याने दंडनीय आहे, हे त्यास हळू आवाजात सांगावे लागते, आणि ते सांगणाऱ्या व्यवस्थापकाकडे तो पुढच्या वर्षी येत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत दरसाल जो हिशेब दाखल करावयाचा, त्याच्या जमेच्या बाजूस कपड्यांचे ढीग मांडून विजेचे बिल भागत नाही. ज्या दोन-तीन गृहस्थांनी कोणास न कळवता वर्षानुवर्षे दरमहा ठरावीक रक्कम पाठवली, त्यांच्यावर एकेक घर तगले असल्याचे लेखक सांगतात. त्यांच्यापैकी एक निवृत्त टपाल कर्मचारी होते.

पहिल्या पिढीतली मुले आता पंचविशीच्या पुढे गेली आहेत. अठराव्या वर्षी बालगृहाचा आश्रय संपतो, अनुरक्षणाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत. पण गोळी जन्मभराची असते, आणि परगावी भाड्याच्या खोलीत सहकाऱ्यांच्या नजरेआड ती घ्यावयाची असते. कित्येक मुली परिचारिकेचे शिक्षण घेतात, मुले वाहन दुरुस्तीत किंवा संगणकावर काम करतात, काही त्याच घरात व्यवस्थापक म्हणून परततात. बाधितांचे आपापसांत विवाह होतात, आणि औषधे नियमित असल्यास त्यांची मुले बहुधा निरोगी जन्मतात. ज्या मुलीला सांभाळण्यास कोणी तयार नव्हते, तिच्या डोहाळजेवणाला तेच चुलते भेटवस्तू घेऊन आल्याचे वर्णन पुस्तकात आहे. मुलीने त्यांना जेवू घातले आणि दुसऱ्या दिवशी जमिनीचा विषय काढला, हे मला विशेष आवडले.

एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. मुलाची योग्य जागा कुटुंबात असते, संस्था हा शेवटचा उपाय मानावा, असे आजचे बालहक्कविषयक विचार सांगतात आणि कायद्याचा कलही तसाच आहे. तत्त्व मला मान्य आहे. नवी बाधा कमी होत चालली, आया जगू लागल्या, तशी ह्या घरांतील तान्ह्यांची संख्याही घटली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या काकाने मुलाच्या ताटाला वेगळी खूण केली होती त्याच्याच घरी, केवळ तो रक्ताचा म्हणून, मूल परत धाडावे आणि तपासणीस महिन्यातून एकदा कोणी फिरकावे, ह्या व्यवस्थेवर माझा विश्वास बसत नाही. कुटुंब द्यावयाचे असेल तर त्याबरोबर दरमहा वेळेवर मिळणारे अनुदान आणि आठवड्यास घरी जाणारा माणूस द्यावा लागेल. तोवर रात्री आठ वाजता वही उघडणारे घर मला मुलासाठी अधिक सुरक्षित वाटते.

हे पुस्तक अशा घरांत दीर्घकाळ काम केलेल्या कार्यकर्त्यांनी मिळून लिहिले आहे. मुलांची नावे, गावे आणि ओळख पटेल अशा खुणा त्यांनी बदलल्या आहेत. भाषा कोठे कोठे ओबडधोबड आहे, पण ती सुधारण्याचा मोह मी टाळला, कारण स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या लाडवाचे प्रमाण लिहिणाऱ्या हाताने जे लिहिले त्यावर अलंकार चढवण्याचे कारण नव्हते. ज्यांना असे घर काढावयाचे असेल त्यांनी माझी प्रस्तावना वाचून झाल्यावर एकदम परिशिष्टाकडे जावे. तेथे औषधसाठ्याच्या नोंदवहीचा नमुना दिला आहे: शिल्लक, आवक, वाटप, उरलेले दिवस, मुदत संपण्याची तारीख. शिल्लक पंधरा दिवसांवर आली की केंद्राला कळवावे, सातांवर आली की स्वतः जाऊन बसावे, असे त्याखाली लिहिले आहे. तो नमुना तीस दिवस रोज भरून पाहावा, आणि मग पहिले प्रकरण उघडावे.